विम्याच्या आधी हप्ता: आपत्तीत गरीब घराला कोणता पैसा सावरतो

प्रश्न थोडक्यात असा आहे. एक छोटी बचत-कर्ज संस्था आहे. सभासद मजूर, अल्पभूधारक, फिरते विक्रेते. गेल्या काही वर्षांत एकदा पूर येऊन गेला, एकदा पाऊस दडी मारून बसला. आता एक विमा कंपनी हवामान विम्याची पॉलिसी घेऊन आली आहे, एक देणगीदार मोबाइलवर मदत पोहोचवण्याची योजना सुचवतो आहे आणि काही संचालकांचं म्हणणं असं, की लोकांना बचतीची सवय लावली की पुरे. विचारणारे म्हणतात, "यातलं खरंच काय उपयोगी पडतं? सुरुवात कुठून करू?"

मी वीसेक वर्षं या कामात आहे आणि त्यातली पहिली काही वसुलीत गेली, म्हणून तिथूनच सुरू करते. विम्याचा कागद तूर्त बाजूला ठेवा. संस्थेची कर्ज नियमावली काढा आणि पूर आल्यावर पुढच्या आठवड्याचा हप्ता घ्यायचा की नाही, याबद्दल तिच्यात एक तरी ओळ आहे का ते बघा. नसेल, तर सभासदाच्या दारात मदतीच्या आधी तुमचा वसुलीचा माणूस पोहोचणार.

तो माणूस एकदा मी होते. पाणी ओसरून आठ दिवस झाले होते. नेहमीच्या जागी चिखल, म्हणून बैठक शाळेच्या ओट्यावर घेतली. सतरा बायका आल्या. रजिस्टर भिजून पानं एकमेकांना चिकटली होती, ती नखाने सोडवत मी नावं वाचली आणि एकेकीने पैसे पुढे केले. वसुली जवळजवळ पूर्ण झाली. संध्याकाळी शाखेत माझं कौतुक झालं, आणि मलाही ते आवडलं, खोटं कशाला बोलू. दोन महिन्यांनी त्याच वस्तीत दुसऱ्या कामाला गेले, तेव्हा कळलं की एकीने शिलाई मशीन विकून हप्ता भरला होता. त्या मशीनसाठी कर्ज आम्हीच दिलेलं. दुसरीने दोन शेळ्या काढल्या होत्या, व्यापाऱ्याने निम्म्याहून कमी भाव दिला. तिसरीने चौथीकडून हातउसने घेतले होते आणि चौथीने सावकाराकडून. आमच्या रजिस्टरमधला आकडा खरा होता, पण हा पैसा आला कुठून, हा रकाना त्यात नव्हता.

या विषयातलं बहुतेक सगळं त्या रकान्यात आहे. पूर किंवा दुष्काळ घराचं दोनदा नुकसान करतो. पहिल्यांदा पाणी किंवा ऊन करतं. दुसऱ्यांदा नुकसान होतं ते घर तगून राहण्यासाठी जे करतं त्याने: जेवणातला एक वेळ कमी होतो, औषध बंद होतं, मुलगी शाळेतून निघते, जनावर विकलं जातं, पुढच्या हंगामाचं बियाणं खाल्लं जातं. हे दुसरं नुकसान पंचनाम्यात कधी येत नाही आणि बऱ्याचदा पहिल्याहून मोठं असतं. झिम्बाब्वेत १९९४-९५ च्या दुष्काळात वर्ष ते दोन वर्षं वयाच्या मुलांची उंची दीड ते दोन सेंटिमीटरने मागे पडली आणि पुढे चांगली वर्षं आली तरी ती तूट भरून निघाली नाही. अभ्यासकांनी आणखी एक गोष्ट नोंदवली: हा फटका दिसला तो कमी गुरं असलेल्या घरांत. ज्यांच्याकडे विकायला काहीतरी होतं, त्यांच्या मुलांची वाढ तशी खुंटली नाही. उंचीतला तो फरक खरं म्हणजे घरातल्या शिलकीतला फरक आहे.

विकण्यातही एक मेख आहे. एका घरात आजारपण आलं आणि शेळी विकली तर बाजारभाव मिळतो. दुष्काळात सगळा परिसर एकाच आठवड्यात जनावरं घेऊन बाजारात उतरतो. चारा नाही म्हणून घेणारा कोणी नाही, भाव कोसळतो, त्याच वेळी धान्य महागतं. म्हणजे गरिबाची शिल्लक नेमकी गरजेच्या दिवशी स्वस्त होते. म्हणून मी सभासदांना आणि कर्मचाऱ्यांना एकच गोष्ट विचारायला शिकवते: हा पैसा शेळी विकण्याच्या आधी पोहोचेल की नंतर? आधी पोहोचलेला थोडा पैसा नंतरच्या मोठ्या रकमेपेक्षा जास्त काम करतो. आता बचत, कर्ज, मोबाइल, विमा हे सगळं याच मापाने तपासू.

बचतीपासून सुरू करते, कारण ती सगळ्यात लवकर हाताशी येते. कुणाची परवानगी लागत नाही, पंचनामा लागत नाही, उपग्रह लागत नाही. गावपातळीवरच्या बचत गटांची जी पद्धत आज आफ्रिकेत सर्वदूर दिसते, ती 'केअर' संस्थेने १९९१ मध्ये नायजरमधल्या बायकांबरोबर सुरू केली. अशा गटांत एक लोखंडी पेटी असते, तिला तीन कुलपं आणि तीन किल्ल्या तीन वेगवेगळ्या बायकांकडे. पेटी सर्वांसमोरच उघडते. व्याजाने फिरणाऱ्या पैशाशेजारी त्यात एक वेगळा छोटा निधी असतो, आजारपण किंवा मृत्यू यांसारख्या प्रसंगी द्यायचा. एका घरावर संकट आलं की ही व्यवस्था झकास चालते.

पूर मात्र एका घरावर येत नाही. तीस बायकांच्या गटात तिसांनाही एकाच दिवशी पैसे हवे असतात आणि पेटीत जे असतं ते सगळं कर्जाऊ बाहेर गेलेलं असतं, तेही याच बुडालेल्या तीस घरांत. मी असे गट फुटताना पाहिले आहेत. भांडण पैशावरून सुरू होतं आणि पैसे परत आले तरी मिटत नाही. म्हणून गटाच्या निधीतला काही भाग गावाबाहेर, जिथे तोच पूर पोहोचणार नाही अशा बँकेत किंवा गटांच्या संघाच्या खात्यात ठेवावा. कंटाळवाणा सल्ला आहे, पण पाळला गेला तर गट टिकतो.

दुसरी गोष्ट तुमच्या संस्थेची. कर्जदाराची जी सक्तीची बचत तुम्ही ठेवून घेता, ती तिला आपत्तीत काढता येते का? बऱ्याच ठिकाणी ती कर्ज फिटेपर्यंत अडकलेली असते. ती बचत असते सभासदाच्या नावावर आणि काम करते संस्थेच्या तारणाचं. अशा बचतीचा आकडा वार्षिक अहवालात मिरवू नये, असं माझं स्पष्ट मत आहे.

आणि बचतीची मर्यादाही मान्य करायला हवी. रोजच्या कमाईतून उरतं किती? आठवडाभराचा खाडा बचत पेलते, पण अख्खा हंगाम गेला तर ती पुरत नाही. "सवय लावली की पुरे" म्हणणाऱ्या संचालकांना एकदा एका सभासदाचा महिन्याचा जमाखर्च मांडून दाखवा. उरलेला वाद आपोआप संपेल.

मोबाइलचा पैसा स्वतः काही निर्माण करत नाही, तो फक्त अंतर कापतो. तरी त्याने जे केलं ते थक्क करणारं आहे. केनियात एम-पेसा ही मोबाइलवरून पैसे पाठवण्याची सेवा मार्च २००७ मध्ये सुरू झाली. त्याआधी शहरातल्या मुलाला गावी पैसे पाठवायचे तर बसचालकाच्या हाती पाकीट द्यायचं किंवा स्वतः जायचं. तवनीत सुरी आणि विल्यम जॅक या अर्थशास्त्रज्ञांनी तिथल्या घरांचा काही वर्षं मागोवा घेतला. संकट आलं तेव्हा एम-पेसा न वापरणाऱ्या घरांचा खर्च सुमारे ७ टक्क्यांनी घसरला, वापरणाऱ्यांचा घसरलाच नाही. कारण साधं होतं: त्यांना जास्त लोकांकडून, जास्त लांबून पैसे आले. वर गटाच्या पेटीबद्दल जे म्हटलं त्याचंच हे उत्तर आहे. बुडालेल्या गावात सगळेच बुडालेले असतात, मदत बाहेरून यावी लागते, आणि दूरच्या नात्याला पैसे पाठवणं स्वस्त आणि झटपट झालं की ते नातं खऱ्या अर्थाने विम्यासारखं काम करू लागतं.

पण ज्याचं कुणी बाहेर नाही त्याचं काय? रवांडात फेब्रुवारी २००८ मध्ये किवू सरोवराजवळ भूकंप झाला. तेव्हा तिथे लोक एकमेकांना मोबाइलचा बॅलन्स पाठवू शकत होते आणि भूकंपानंतर त्या भागात असा बॅलन्स खरोखरच वाहत गेला. नोंदी तपासल्यावर दिसलं की तो जास्त करून गेला तुलनेने सुस्थितीतल्यांकडे, ज्यांची ओळखपाळख मोठी होती त्यांच्याकडे. देणगीदाराची योजना ऐकताना हे लक्षात असू द्या. नात्यागोत्यातून येणारी मदत सगळ्यात गरीब घराला वगळून जाते, म्हणून तुमची यादी तिथून सुरू करा.

आणि एक अगदी व्यवहाराची बाब. फोनमधला पैसा पुरात खाता येत नाही. टॉवर बंद पडतो, फोनची बॅटरी संपते, आणि सगळं चालू असलं तरी फोनमधल्या पैशाची रोख करून देणाऱ्या एजंटच्या गल्ल्यात रोख नसते, कारण सगळी वस्ती एकाच सकाळी पैसे काढायला येते. योजना आणणाऱ्याला मी पहिला प्रश्न एजंटबद्दल विचारते: पुराचा इशारा आल्यावर त्याच्याकडे जादा रोख कोण पोहोचवणार, आणि त्याला ती उधार कोण देणार? सादरीकरणात याचं उत्तर बहुतेक वेळा नसतं.

आता कर्ज, म्हणजे तुमचा स्वतःचा प्रांत. याविषयी बांगलादेशातून खूप शिकण्यासारखं आहे. १९९८ च्या महापुरात देशाचा सुमारे दोन तृतीयांश भूभाग पाण्याखाली गेला होता आणि घरांनी निभावून नेलं ते प्रामुख्याने उसनवारीवर. मुहम्मद युनूस यांच्या ग्रामीण बँकेने पूरग्रस्त कर्जदारांना नवी कर्जं दिली. हेतू चांगला होता, पण नवं कर्ज जुन्यावर चढलं. आठवड्याचा हप्ता फुगला, तो झेपेना आणि बायका बैठकीला येणं टाळू लागल्या. बँकेच्या वसुलीला लागलेल्या गळतीत या पुराचा मोठा वाटा होता. त्यातून २००१-०२ च्या सुमारास बँकेने आपली पद्धतच बदलली. अडचणीत आलेल्या कर्जदाराला हप्ता लहान करून, मुदत वाढवून, थकबाकीदार न ठरवता पुन्हा उभं राहता येईल अशी लवचिक कर्जाची सोय केली, आणि हवी तेव्हा काढता येणारी बचत आणली. जगभर गाजलेल्या बँकेलाही हा धडा पुरातच शिकावा लागला. तुम्हाला तो फुकट मिळतो आहे.

त्यावरून एक खूणगाठ: आपत्तीनंतर थेट नवं कर्ज देणं आणि जुन्याचा हप्ता थांबवणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत आणि दुसरी आधी करायची असते. हप्ता थांबवायला तुम्हाला रोख लागत नाही, फक्त ठराव लागतो. मुदतवाढ म्हणजे माफी नव्हे, हे सभासदाला त्याच दिवशी स्पष्ट सांगा. त्या काळातलं व्याज लागणार की नाही, तेही सांगा. आणि ठराव कोरड्या दिवसांत करून ठेवा. पाण्यात बसून केलेल्या ठरावात कुणाला सूट आणि कुणाला नाही यावर ओळखीपाळखी चालतात.

याच्या पुढची पायरी मला सगळ्यात जास्त पटलेली आहे आणि तिची चर्चा फार कमी होते. ती म्हणजे आधीच मंजूर करून ठेवलेलं आपत्ती कर्ज. बांगलादेशातच ब्रॅक या संस्थेने काही शाखांमध्ये हे करून पाहिलं आणि ग्रेगरी लेन यांनी त्याचा अभ्यास केला. पेरणीच्या आधीच चांगल्या परतफेडीच्या सभासदांना कळवलं गेलं: तुमच्या भागात पूर आला तर तुम्हाला इतकं कर्ज मागताक्षणी मिळेल, पुराच्या वेळी नव्याने अर्ज, पाहणी, चौकशी काही नाही. परिणाम दोन वेळा दिसला. पूर आला तेव्हा घरांचा खर्च सावरला गेला, हे अपेक्षितच होतं. पण पूर येण्याच्या आधीच, नुसत्या त्या खात्रीवर, लोकांनी जास्त जमीन लागवडीखाली आणली. आणि संस्थेची वसुली त्यामुळे बिघडली नाही.

हे दुसरं निरीक्षण घोटून घ्या. गरीब माणूस आपत्ती आल्यावरच गरीब होतो असं नाही, ती येईल या धास्तीने तो दरवर्षी थोडा गरीब राहतो. खत कमी टाकतो, खात्रीचं पण कमी उत्पन्नाचं पीक घेतो, पैसे धंद्यात न घालता घरात ठेवतो. घानाच्या उत्तर भागात शेतकऱ्यांना पावसाच्या विम्याचं संरक्षण दिल्यावर तेच दिसलं: त्यांनी शेतीत जास्त पैसा घातला. ज्या वर्षी काहीच वाईट घडत नाही त्या वर्षीही चांगल्या वित्तसेवेचा फायदा होतो, फक्त तो कुणी मोजत नाही.

आपत्ती कर्जाची अडचण तुमच्या बाजूची आहे. शंभर सभासदांनी एकाच दिवशी ते मागितलं तर रोख कुठून आणणार? त्यासाठी संस्थेला कर्ज देणाऱ्या वरच्या बँकेशी आधीच करार हवा. त्याबद्दल शेवटी सांगते.

विमा. इथे थोडं थांबते, कारण तुमच्या दारात उभा आहे तो हाच, आणि याच्याबद्दल सगळ्यात जास्त गैरसमज आहेत. तुम्हाला विकला जातोय तो बहुधा निर्देशांकावर चालणारा विमा. यात कुणी शेतात येऊन नुकसान बघत नाही. पाऊस इतक्या मिलिमीटरच्या खाली गेला, तापमान इतक्याच्या वर गेलं, की ठरलेली रक्कम सगळ्यांना मिळते. सर्वेक्षक नाही, भांडण नाही, खर्च कमी. कल्पना सुंदर आहे. दुखणंही तिथेच आहे: मोजमाप एक सांगतं आणि शेत दुसरंच सांगतं.

मलावीचं उदाहरण मी प्रत्येक प्रशिक्षणात सांगते. तिथल्या सरकारने २०१५-१६ च्या हंगामासाठी आफ्रिकन रिस्क कपॅसिटी या आफ्रिकी देशांच्या सामायिक विमायंत्रणेकडून दुष्काळाची पॉलिसी घेतली होती. दुष्काळ पडला आणि लाखो लोकांना अन्नाची मदत लागली. भरपाई ठरवणारं संगणकाचं प्रारूप मात्र म्हणत होतं, भरपाई देण्याइतकं नुकसान नाही. शोध घेतल्यावर कळलं की प्रारूपात मक्याचं जुनं, जास्त दिवसांचं वाण धरलं होतं. शेतकरी केव्हाच कमी दिवसांच्या वाणाकडे वळले होते, त्यामुळे पाऊस नेमका कोणत्या आठवड्यात लागतो याचा हिशेबच चुकला. चूक मान्य होऊन सुमारे ८१ लाख डॉलर मंजूर झाले, पण पैसे आले २०१७ च्या सुरुवातीला. तोवर शेळी विकून झाली होती. शेतकऱ्याने वाण बदललं हे शेजारच्या पोरालाही माहीत होतं, पण प्रारूप बनवणाऱ्यांनी ते विचारलं नव्हतं.

याच्या उलट केनियाच्या उत्तरेतल्या मार्साबिट भागाचा पशुविमा. जानेवारी २०१० मध्ये सुरू झाला. उपग्रह कुरणांची हिरवाई मोजतो, ती ठरावीक पातळीखाली गेली की पशुपालकाला पैसे. पुढच्याच वर्षी, २०११ मध्ये, भीषण दुष्काळ पडला आणि पैसे दिले गेले. ज्यांच्याकडे बऱ्यापैकी जनावरं होती त्यांनी ती पडेल भावात विकणं थांबवलं. ज्यांच्याकडे मोजकीच होती त्यांनी जेवण तोडणं कमी केलं. एकाच विम्याने दोन वेगळ्या घरांत दोन वेगळ्या गोष्टी वाचवल्या. या योजनेने नंतर केलेली दुरुस्ती तर मला मूळ योजनेहून महत्त्वाची वाटते. सुरुवातीला भरपाई होती जनावर मेल्याच्या अंदाजावर. पुढे तिची वेळ अलीकडे ओढली, म्हणजे जनावर अजून उभं असताना चारा-पाण्यासाठी पैसे हाती यावेत. मेलेल्या गाईच्या किमतीत नवी गाय येत नाही, जगवण्याचा खर्च मात्र त्याहून खूप कमी असतो.

मग लोक विमा घेत का नाहीत? जगभर हाच अनुभव आहे, पूर्ण हप्ता स्वतःच्या खिशातून भरायचा म्हटलं की फार थोडे पुढे येतात. "त्यांना कळत नाही" हे उत्तर मला पटत नाही. विम्याचा हप्ता पेरणीच्या तोंडावर मागितला जातो, जेव्हा घरात दमडी नसते, आणि परतावा मिळाला तर कित्येक महिन्यांनी. पश्चिम केनियातल्या ऊस उत्पादकांवरचा प्रयोग पाहा. कंपनीशी करार केलेल्या शेतकऱ्यांना तोच विमा दोन प्रकारे देऊ केला. आगाऊ पैसे भरून घेणारे सुमारे ५ टक्के निघाले. हप्ता नंतर, ऊस तुटल्यावर बिलातून कापून घेऊ म्हटल्यावर ७२ टक्के. विमा तोच, शेतकरी तसेच, बदलली ती फक्त पैसे मागण्याची तारीख. तुम्ही कर्ज देणारी संस्था आहात, वसुलीची तारीख तुमच्या हाती आहे. विमा कंपनीला जे जमणार नाही ते तुम्हाला जमेल.

विश्वासाचा मुद्दाही आहेच. भारतात सेवा या असंघटित कामगार बायकांच्या संघटनेने २०२३ मध्ये गुजरातेत उष्णतेचा विमा सुरू केला, पहिल्या वर्षी सुमारे २१,००० जणींसाठी. ऊन तापलं, पण भरपाईसाठी ठरवलेली पातळी काही गाठली गेली नाही आणि कुणालाच पैसे मिळाले नाहीत. मिठागरात किंवा रस्त्यावर काम करणाऱ्या बाईला "पातळी गाठली नाही" हे कसं समजावणार? पुढच्या वर्षी रचना बदलली. मोठ्या भरपाईच्या खाली एक लहान रोख मदत जोडली, जी कमी तापमानालाच मिळते, आणि त्या वर्षी बहुतेक सभासद बायकांच्या हाती काहीतरी पडलं. हिशेबतज्ज्ञ नाक मुरडतील, वारंवार मिळणारी छोटी रक्कम विम्यातून देणं महाग पडतं म्हणतील. त्यांचं खरं आहे. पण ज्या विम्यातून तीन वर्षं काहीच आलं नाही तो चौथ्या वर्षी कुणी घेत नाही, हेही खरं आहे.

यातून माझी ढोबळ विभागणी अशी झाली आहे. दर एक-दोन वर्षांनी येणारा लहान फटका बचतीने झेलावा. पाच-सात वर्षांनी येणारा मध्यम फटका आपत्ती कर्जाने आणि मुदतवाढीने. पिढीत एकदा-दोनदा येणारा, गावच्या गाव उलथवणारा फटका विम्याने. आणि जे घर आधीच रोज अर्धपोटी आहे त्याला यातलं काहीच लागू पडत नाही, त्याला थेट मदतच द्यावी लागते. त्याला कर्ज देणं म्हणजे आपत्तीचं बिल त्याच्याच नावावर फाडणं.

थेट मदतीतही वेळेचंच राज्य आहे. बांगलादेशात जुलै २०२० मध्ये जमुना नदीच्या खोऱ्यात पुराचा अंदाज ठरलेल्या पातळीवर गेला, तेव्हा संयुक्त राष्ट्रांच्या जागतिक अन्न कार्यक्रमाने पाण्याची पातळी शिगेला पोहोचण्याच्या आधीच सुमारे २३,००० घरांना मोबाइलवर प्रत्येकी ४,५०० टाका (तिथलं चलन) पाठवले. एकदाच, कसलीही अट न घालता. नंतरच्या पाहणीत, पैसे मिळालेल्या घरांत पुराच्या काळात दिवसभर उपाशी राहण्याची शक्यता ३६ टक्क्यांनी कमी आढळली, आणि काही फरक तीन महिन्यांनीही टिकून होता. पैसे एक दिवस आधी मिळालेल्या घरांची स्थितीसुद्धा किंचित बरी निघाली. एका दिवसाने फरक पडतो म्हणजे काय होत असेल? त्या दिवशी धान्य अजून जुन्या भावाने मिळतं, नाववाला अजून वाजवी पैसे घेतो, गाय अजून उंचावर नेता येते. तुमच्या देणगीदाराला विचारा, तुमचे पैसे अंदाजावर सुटणार की पंचनाम्यावर?

आता संस्थेच्या स्वतःच्या जिवाबद्दल. सभासदांना सवलत द्यायची तर तुम्ही तगायला हवं. पूर आला की एकाच महिन्यात तीन गोष्टी होतात: वसुली थांबते, ठेवीदार पैसे काढायला येतात आणि नवी कर्जं मागितली जातात. म्हणून विमा घ्यायचाच असेल तर आधी तो संस्थेसाठी घ्या, असं मी म्हणते. पेरूच्या उत्तर किनाऱ्यावर असा प्रकार विकसित झाला. तिथे एल निनोच्या वर्षी फेब्रुवारीपासून प्रचंड पूर येतात, आणि त्याची चाहूल नोव्हेंबर-डिसेंबरमध्ये समुद्राच्या पृष्ठभागाच्या तापमानातून लागते. पॉलिसी त्या तापमानावर बांधली, म्हणजे भरपाई जानेवारीत, पुराच्या आधी. घेणारी संस्था कर्ज देणारी होती. संस्थेच्या पातळीवर मोजमापाची चूकही कमी बोचते. एका शेताचा आणि पर्जन्यमापकाचा मेळ बसला नाही तरी हजार शेतांच्या सरासरीचा बऱ्यापैकी बसतो. त्या पैशातून कुणाला किती सावरायचं, ते तुम्ही जवळून बघून ठरवू शकता. अट एवढीच की ते पैसे ताळेबंद सजवायला न वापरता मुदतवाढीसाठी वापरायचे, आणि तेही ठरावात लिहून.

हे सगळं केलं तरी पैशाने बांध बांधला जात नाही, समुद्र मागे हटत नाही. काही ठिकाणी प्रश्नच वेगळा असतो: तिथे दर वर्षी पाणी येणार आहे आणि कर्ज-विम्याने माणसाला तिथेच टिकवून ठेवण्यापेक्षा हलायला पैसे देणं जास्त शहाणपणाचं असतं. त्यावर कधीतरी वेगळं लिहीन.

तुमच्यासाठी, पुढच्या हंगामाच्या आत. मुदतवाढीचा ठराव: कोणत्या खुणेवर लागू होईल (नदीची पातळी, सरकारी घोषणा, काहीही, पण तुमच्या मर्जीबाहेरची), किती हप्ते, व्याजाचं काय. सक्तीची बचत त्याच खुणेवर मोकळी. वरच्या बँकेशी राखीव कर्जमर्यादेचा करार, कारण पूर आल्यावर तो कुणी करत नाही. चांगल्या परतफेडीच्या सभासदांपैकी पन्नास-शंभर जणांना आधी-मंजूर कर्जाचं पत्र, एक वर्ष चाचणी म्हणून. आणि विमा कंपनीच्या माणसाला बसवून तीन प्रश्न: गेल्या वीस वर्षांत कोणत्या वर्षी तुमच्या मोजमापाने पैसे दिले असते? खुणेपासून किती दिवसांत पैसे हातात? कोणतं पीक, कोणतं वाण धरलंय? पहिल्या प्रश्नाचं उत्तर घेऊन सभासदांच्या बैठकीत जा आणि म्हाताऱ्या माणसांना विचारा, वाईट वर्षं कोणती होती. दोन याद्या शेजारी ठेवा. जुळत नसतील तर सही करू नका.

ठरावाचा मसुदा लिहिण्याआधी आणखी एक बैठक घ्या, मागच्या पुराच्या आठवड्याचं वसुली रजिस्टर समोर ठेवून, फक्त वसुलीवर फिरणाऱ्या कर्मचाऱ्यांबरोबर. साहेबलोकांना बोलावू नका. एकेका नावापुढे विचारा, हिने पैसे कुठून आणले होते? त्यांना बरंच माहीत असतं. मलाही थोडंफार माहीत होतं, त्या ओट्यावर बसले होते तेव्हाच.